बाळसं धरायची वाट किती बघायची?

प्रिय सुधा,

पत्र मिळालं आणि आधी तुझाच राग आला. नात दीड महिन्याची झाली, तिच्या हृदयाला एवढं मोठं भोक आहे, आणि मला आत्ता कळवतेस? असो. विहीणबाई म्हणतात ऑपरेशनआधी बाळाला जरा बाळसं धरू दे, सर्जन म्हणतात आता थांबण्यात अर्थ नाही, आणि तू मधल्या मध्ये जीव टांगणीला लावून बसली आहेस. मी ऑपरेशन चालू असताना हृदय-फुप्फुसांचं काम करणाऱ्या हार्ट-लंग मशीनपाशी उभी राहणारी बाई, ऑपरेशन करणारी नव्हे. निर्णय डॉक्टरांचाच. पण तू विचारलंस म्हणून मला दिसतं ते सांगते.

विहीणबाईंची भीती खोटी नाही. अडीच किलोच्या आतल्या बाळांमध्ये हृदयाच्या ऑपरेशनचा धोका जास्तच असतो. माझ्या बाजूने बघ. बाळाच्या अंगात किलोमागे साधारण ८५ मिलिलिटर रक्त. नात २१०० ग्रॅमची, म्हणजे सगळं मिळून पावणेदोनशे मिलिलिटर. आमच्या मशीनच्या नळ्या आणि रक्तात ऑक्सिजन मिसळणारा ऑक्सिजनेटर भरायलाच जवळपास तेवढं लागू शकतं. म्हणून आम्ही सगळ्यात छोटा ऑक्सिजनेटर घेतो, मशीन टेबलाच्या जितकं जवळ आणता येईल तितकं आणतो, नळीचा बोटभर तुकडासुद्धा जास्त ठेवत नाही. तरीही बाहेरचं रक्त मिसळावंच लागतं, आणि मशीनवर राहिल्याने अंगाला सूज येते. सर्जनचं काम तर त्याहून अवघड. ओल्या कागदाला टाके घालावेत तसं ते असतं, दोरा जरा जोरात ओढला की फाटलंच.

पण सुधा, दोन किलोची सगळी बाळं सारखी नसतात. एखादं दिवस भरूनही पोटातच खुरटलेलं असतं, एखादं वेळेआधी आलेलं. एखाद्याला हृदयाबरोबर गुणसूत्रांचाही दोष असतो. आणि ऑपरेशन कोणतं, यावर तर फारच अवलंबून. एक भोक बुजवणं वेगळं, अर्धंच हृदय असलेल्या बाळाचं नॉरवुड ऑपरेशन वेगळं. नुसता वजनकाटा बघून धोका सांगणारा माणूस मला अर्धवट वाटतो.

तुझी नात ३४ आठवड्यांची जन्मली. तेव्हाच बायपासवर, म्हणजे आमच्या मशीनवर, घेतली असती तर मलाही धडकी भरली असती. मशीनमध्ये रक्त गोठू नये म्हणून हेपारिन द्यावं लागतं, आणि अपुऱ्या दिवसांच्या बाळाच्या मेंदूतल्या रक्तवाहिन्या इतक्या नाजूक असतात की रक्तस्रावाची टांगती तलवार असते. फुप्फुसं कच्ची, मूत्रपिंडं कच्ची, आतड्यांचा भरवसा नाही. आता मात्र सहा आठवडे उलटून गेलेत, म्हणजे दिवस भरल्यासारखेच झाले. थांबून जे मिळायचं होतं, ती ही परिपक्वता. ती बरीचशी मिळाली. वजन मात्र थांबून मिळणार नाही, कारण वजन न वाढण्याचं कारणच ते भोक आहे.

जन्मानंतर फुप्फुसातला दाब हळूहळू उतरतो आणि डावीकडचं रक्त भोकातून उजवीकडे, तिथून फुप्फुसात लोटू लागतं. फुप्फुसं ओलसर होतात, बाळाला धाप लागते. तू लिहिलंयस ना, दूध ओढताना कपाळावर घाम येतो आणि चार घोट घेऊन झोपते? ते हेच. जेवढं पिते तेवढं श्वास घेण्यातच खर्ची पडतं. धडधाकट बाळ या वयात दिवसाला २० ते ३० ग्रॅम वाढतं. नाकातल्या नळीने दूध, त्यात जास्तीचे उष्मांक, लघवीची औषधं, एवढं सगळं करून ही सहा आठवड्यांत २०० ग्रॅम वाढली. आणि त्यातही पाणी किती कोण जाणे! लघवीच्या औषधाचा डोस वाढवला की एका रात्रीत वजन उतरतं, हे आम्ही सारखं बघतो. काट्यावरचा आनंद फार मनावर घेऊ नकोस.

ही आजची टूम नव्हे. मोहन रेड्डी, फ्रँक हॅन्ली वगैरे सर्जननी १९९९ मध्ये ७०० ते २५०० ग्रॅमच्या १०२ बाळांच्या संपूर्ण दुरुस्तीचे निकाल मांडले. साधारण दहातलं एक बाळ दगावलं होतं. आकडा लहान नाही, मी तो गोड करून सांगणार नाही. पण त्यातल्या बऱ्याच बाळांची दुखणी तुझ्या नातीपेक्षा अवघड होती, आणि त्याला आता बराच काळ लोटलाय.

मधला मार्ग म्हणून, फुप्फुसात जादा रक्त लोटू नये यासाठी, फुप्फुसाच्या धमनीला पट्टी बांधतात, १९५२ पासून. बायपास लागत नाही, वजन वाढायला वेळ मिळतो, पण मग ऑपरेशनं दोन होतात. चाळणीसारखी अनेक भोकं असतील तर ठीक. एकच भोक असेल तर मला स्वतःला ते पटत नाही. आणि नुसती डक्टस, म्हणजे जन्मानंतर आपोआप बंद व्हायची रक्तवाहिनी, उघडी असती तर आता पायातल्या शिरेतून बटण बसवतात, ७०० ग्रॅमच्या बाळालाही. आपल्याला त्याचा उपयोग नाही.

ऑपरेशननंतर लेकीला एकदम आत पाठवू नकोस, आधी तू बघून ये. तोंड सुजलेलं असेल. छाती एक-दोन दिवस उघडी ठेवून वर नुसतं आवरण लावलेलं असू शकतं. सूज उतरेपर्यंत हृदयाला जागा हवी म्हणून. काही बिघडलं असं समजू नका. व्हेंटिलेटर आणि दूध सुरू व्हायला मोठ्या बाळांपेक्षा वेळ लागेल. पुढेही मान धरणं, बसणं, बोलणं यावर बालविकासाच्या डॉक्टरांचं लक्ष हवं, कारण वेळेआधी जन्म आणि हृदयाचं ऑपरेशन, दोन्ही एकत्र आलंय.

बुधवारी सर्जन भेटतील तेव्हा विचार, अडीच किलोच्या आतली बाळं तुमच्याकडे किती येतात आणि रात्री आयसीयूत कोण असतं. संकोच करू नकोस. इकोचा रिपोर्ट आणि वजनांचा तक्ता मला फोनवर पाठव. शनिवारी मी येतेय. लेकीपाशी मी बसेन, तू घरी जाऊन झोप काढ.

तुझी,
शैला