दादा, त्या एका प्रश्नाबद्दल

दादा,

हे आभार दोन वर्षांपूर्वीच मानायला हवे होते. तेव्हा मी रुसलो होतो, आणि नंतर लाज वाटत राहिली.

मी स्वतःचा नवा कोरा बीजीपी डिमन लिहायला घेतला होता, म्हणजे इंटरनेटवरचे राउटर एकमेकांना रस्ते (रूट्स) सांगतात त्यासाठीचा, मागे सतत चालणारा प्रोग्राम. याच कामाच्या एफआरआर या मुक्त सॉफ्टवेअरचा सी भाषेतला कोड म्हणजे मला वाड्यातली अडगळीची खोली वाटायची. १९९६चा झेब्रा, त्यातून क्वागा, २०१७ मध्ये क्वागातून फुटलेला एफआरआर. (क्वागा हा झेब्र्याचा नामशेष झालेला भाऊबंद. प्रकल्पाला असलं नाव कुणी ठेवतं का!)

तीन आठवड्यांत माझं समोरच्या राउटरशी सेशन 'एस्टॅब्लिश्ड' झालं, म्हणजे जोडणी जुळली, आणि मी रात्री साडेअकराला तुम्हाला उठवलं. तुम्ही आधी शाब्बासकी दिलीत. मग विचारलंत, "समोरून एखाद्या रूटसोबत बिघडलेला ॲट्रिब्यूट (रूटची जोडमाहिती) आला तर काय करशील?"

"सेशन तोडेन. बीजीपीचा नियमग्रंथ, आरएफसी ४२७१, तेच सांगतो."

"एका रूटपायी लाखो रूट्स खाली?"

मग २०१०च्या ऑगस्टची गोष्ट सांगितलीत. युरोपात आयपी पत्ते वाटणारी संस्था राइप एनसीसी आणि अमेरिकेतल्या ड्यूक विद्यापीठानं प्रयोग म्हणून एक अनोळखी पण नियमात बसणारा ॲट्रिब्यूट सोडला. काही राउटरांनी तो पुढे पाठवताना बिघडवला आणि शेजाऱ्यांनी नियमाप्रमाणे सेशन्स तोडली. २०१५चा आरएफसी ७६०६ तुम्हीच वाचायला लावलात: बहुतेक चुकांत तेवढेच रूट मागे घेतले असं धरायचं, सेशन चालू ठेवायचं. माझ्या कोडमध्ये याचा पत्ताच नव्हता. एफआरआरच्या कोडमधल्या ज्या 'इफ' अटींना मी नावं ठेवायचो, त्यातलेच काही यासाठी होते.

नवं लिहूच नकोस, असं तुम्ही कधीच म्हणाला नाहीत. उलट ओपनबीजीपीडी या दुसऱ्या बीजीपी डिमनचं उदाहरण दिलंत. झेब्रा-क्वागाची रचनाच पटली नाही म्हणून ओपनबीएसडी या ऑपरेटिंग सिस्टीमवाल्यांनी तो मुळापासून लिहिला. "त्यांना नेमकं काय पटत नाही ते माहीत होतं. तुला फक्त सी आवडत नाही." लागलं होतं हे!

नंतरचे कितीतरी रविवार तुम्ही एफआरआरमधल्या माझ्या पहिल्या पॅचसाठी (कोडमधल्या बदलासाठी) घालवलेत. चाळीस ओळींचा पॅच, आणि त्याची टेस्ट त्याहून लांब. रिव्ह्यूत तीनदा परत आला, तेव्हा वहिनींनी केलेले पोहे खात तुम्ही हसत होतात.

माझा डिमन मी टाकून दिलेला नाही. लॅबमध्ये एफआरआरला मुद्दाम बिघडलेले अपडेट पाठवायचं काम आता तोच करतो.

तुमचा,
साडेअकराला फोन करणारा