हवा भरून ताकद कळत नाही

मा. संपादक यांस,
स. न. वि. वि.

औद्योगिक पाइपलाइन आणि टाक्यांच्या दाब चाचणीवर आपल्या पुरवणीतला लेख वाचला. हा विषय सहसा कोणी छापत नाही, त्याबद्दल आधी आभार. पण हजारो लिटर पाणी वाया घालवण्यापेक्षा हवा भरावी, जोडांवर साबणाचे पाणी लावावे आणि काम उरकावे, असे जे त्यात सुचवले आहे ते घातक आहे. पाइपिंगच्या कामात उमेदीची सगळी वर्षे गेल्यामुळे हे वाचून गप्प बसवले नाही.

लेखात दोन वेगळ्या चाचण्यांची गल्लत झाली आहे. एक ताकदीची, दुसरी गळतीची. ताकद बघायची तर लाइन तिच्या डिझाइनच्या दाबापेक्षा मुद्दाम जास्त ताणावी लागते. प्रोसेस पाइपिंगचा एएसएमई (अमेरिकेतील मेकॅनिकल इंजिनिअरांची संस्था) बी31.3 हा कोड हायड्रोटेस्टला, म्हणजे पाणी भरून केलेल्या दाब चाचणीला, किमान दीडपट दाब मागतो. प्रेशर व्हेसलच्या, म्हणजे दाबाखालच्या टाक्यांच्या, एएसएमई कोडमध्ये (सेक्शन 8, डिव्हिजन 1) हल्ली 1.3 पट आहे, पूर्वी तिथेही दीडपटच होता. तापमानाचा हिशेब त्यात आणखी धरावा लागतो. गळती शोधायला एवढा दाब लागतच नाही, साबणाचा बुडबुडा कमी दाबालाही येतो. आणि बुडबुडा आला नाही, यावरून तो जोड ताण सोसेल की नाही हे मुळीच कळत नाही.

इंग्लंडमध्ये फ्लिक्सबरोच्या कारखान्यात नेमके हेच झाले होते. ओळीतल्या सहा रिॲक्टरपैकी एकाला तडा गेला म्हणून तो काढला आणि त्या जागी 20 इंची बायपास पाइप बसवला, दोन्ही टोकांना बेलोज, म्हणजे घड्यांचे लवचीक जोड. नायट्रोजन भरून सुमारे 9 किलोच्या (दर चौरस सेंटिमीटरला) दाबाला त्याची गळती तपासली. सेफ्टी व्हॉल्व्ह मात्र 11 किलोला लावलेला होता. म्हणजे व्हॉल्व्ह उघडेपर्यंत जेवढा दाब चढू शकत होता, तेवढासुद्धा चाचणीत दिला गेला नाही. 1 जून 1974 रोजी तो बायपास तुटला, आतल्या सायक्लोहेक्झेन या ज्वालाग्राही रसायनाचा ढग पेटला आणि कारखान्यातली 28 माणसे गेली.

मग हवाच दीडपट दाबाने भरली तर? ते तर आणखी वाईट. पाणी जवळजवळ दाबले जात नाही, हवा दाबली जाते आणि तेवढी ऊर्जा आत साठवून ठेवते. एक घनमीटरची टाकी 10 बारला पाण्याने भरली, तर दाबामुळे पाण्यात साठलेली ऊर्जा सुमारे सव्वादोनशे ज्यूल, म्हणजे 23 किलोचे वजन एक मीटर उचलण्याइतकी. त्याच टाकीत त्याच दाबाची हवा असेल, तर तेच वजन सहा किलोमीटर वर जाईल इतकी. पाण्याच्या चाचणीत वेल्ड फाटला की पिचकारी उडते, गेजचा काटा खाली येतो आणि बहुतेक वेळा तेवढ्यावर निभावते. हवेच्या चाचणीत फ्लँज आणि पत्र्याचे तुकडे उडतात.

कोड हवेला सरसकट मनाई करत नाही, हेही सांगतो. सपोर्टना पाण्याचे वजन झेपणार नसेल किंवा आत पाण्याचा अंशही राहून चालणार नसेल, तर बी31.3 प्रमाणे हवेने किमान 1.1 पट दाब देता येतो. पण तो टप्प्याटप्प्याने चढवायचा, रिलीफ व्हॉल्व्ह लावून. जोड तपासायला जाण्याआधी तो डिझाइनच्या दाबावर उतरवायचा. आसपास माणूस नको. पाणी वाचते म्हणून हवा, ही सबब कोणत्याच सुपरवायझरने ऐकू नये.

हायड्रोटेस्टमध्येही हवा हाच खरा शत्रू आहे. सगळ्यात उंच ठिकाणचे वेंट (हवा बाहेर सोडायची तोंडे) उघडे ठेवून लाइन भरावी लागते आणि वेंटमधून फुरफुर न होता सलग धार आली की मगच बंद. लाइनमध्ये हवा अडकली असेल तर हातपंप ते लगेच सांगतो. दांडा कितीही मारा, काटा आळसावल्यासारखा सरकतो. हवा निघाली की दांड्याच्या एकेका दाबासरशी काटा उडी मारतो. दुसरी फसगत घामाची. दमट हवेत गार पाणी भरले की अख्ख्या लाइनवर थेंब धरतात, आणि नवखा माणूस प्रत्येक वेल्डला गळती लिहून मोकळा होतो. फडक्याने जागा कोरडी करून थांबायचे. थेंब त्याच ठिकाणी पुन्हा धरला आणि बाजूचा पाइप कोरडाच राहिला, तर ती गळती. उन्हात बंद लाइनचा दाब आपोआप चढतो तो वेगळाच, त्यामुळे गेजबरोबर तापमानही लिहिले नाही तर त्या नोंदीला फारसा अर्थ नाही. (टाकी रिकामी करतानाही वेंट उघडायला विसरू नये, आत निर्वात होऊन पातळ पत्र्याची टाकी चेपते.)

राहिला पाण्याचा प्रश्न, आणि तो लेखकाने योग्यच काढला आहे. चाचणीचे पाणी गटारात सोडलेच पाहिजे असे कुठे आहे? लाइनचे विभाग पाडून एकाची चाचणी झाली की तेच पाणी गाळून पुढच्यात ढकलता येते. स्टेनलेस स्टील असेल तर क्लोराइड आधी तपासावे, 50 पीपीएमची (दहा लाख भागांत 50 भाग) मर्यादा बहुतेक स्पेसिफिकेशनमध्ये असते, आणि चाचणीनंतर लाइन पूर्ण निथळवून वाळवावी. पुढच्या अंकात निदान एवढा खुलासा छापावा, ही विनंती.

आपला,
एक निवृत्त पाइपिंग सुपरवायझर