क्लेफ बदलला की नोट का सरकतात?

मा. संपादक,

नाताळच्या तयारीत गोव्यातल्या गायकवृंदांमध्ये स्टाफ नोटेशनची (पाच रेघांवर लिहिलेल्या संगीताची) पाने मोबाइलवरून फिरतात. त्यांत क्लेफच्या, म्हणजे कोणती रेघ कोणत्या स्वराची ते ठरवणाऱ्या सुरुवातीच्या चिन्हाच्या, चुका वारंवार दिसतात आणि खापर सॉफ्टवेअरवर फुटते. म्यूझस्कोअर हे संगीत लिहिण्याचे सॉफ्टवेअर मोफत मिळते, म्हणून ते वापरणाऱ्यांसाठी हे पत्र.

सॉफ्टवेअर नोट साठवते ती स्वर म्हणून, रेघेवरची जागा म्हणून नव्हे. त्यामुळे आधीच लिहिलेल्या नोटांचा क्लेफ बदलला तर आवाज तोच राहतो आणि नोट वर-खाली सरकतात. कागदावर नेमके उलटे होते: क्लेफ खोडून दुसरा काढला की नोट जागच्या जागी राहतात आणि स्वर बदलतो. सगळा घोळ इथून सुरू होतो.

सर्वांत जास्त फटका टेनरला (पुरुषांच्या उंच आवाजाला) बसतो. त्याचा ट्रेबल (उंच स्वरांचा) क्लेफ खाली ८ हा आकडा, म्हणजे एक सप्तक खाली ही खूण, असलेला हवा. साधा ट्रेबल घातला तर संगणक ती ओळ एक सप्तक वर वाजवतो. नंतर लक्षात आल्यावर ८ चा क्लेफ लावला, तर सगळ्या नोट सप्तकभर वर जाऊन जादा रेघांवर चढतात. घाबरून अनडू करू नका. ती ओळ निवडा आणि कंट्रोल दाबून खालचा बाण एकदाच दाबा. नोट मूळ जागी येतात आणि आवाजही बरोबर होतो.

बेसची (पुरुषांच्या खालच्या आवाजाची) ओळ जुन्या वहीवरून चुकून ट्रेबलमध्ये उतरवली असेल तर काम थोडे वाढते. ट्रेबलची सर्वांत खालची रेघ ‘मी’ची, बेसची ‘सोल’ची. दोन्हींत एक सप्तक आणि वर एक सिक्स्थ (सहाव्या स्वरापर्यंतचे अंतर) इतके अंतर आहे. म्हणून आधी बेस क्लेफ लावा, मग टूल्स मेनूतल्या ट्रान्सपोजमध्ये (स्वर वर-खाली नेण्याच्या सोयीत) डायटॉनिक, म्हणजे त्या स्केलच्याच स्वरांतून सरकवणारा, पर्याय घेऊन सिक्स्थ खाली न्या आणि शेवटी कंट्रोल व खालचा बाण. यानंतर शार्प, फ्लॅट आणि नॅचरल एकेक करून वहीशी ताडून बघाच. हे काम संगणकावर सोडू नये.

मधेच क्लेफ बदलायचा असेल तर काय निवडता यावर सारे ठरते. मापाच्या (दोन उभ्या रेघांमधल्या भागाच्या) सुरुवातीला बदल हवा असेल तर पूर्ण माप निवडून पॅलेटमधल्या क्लेफवर क्लिक करा. लहान क्लेफ आधीच्या मापाच्या रेघेअलीकडे येतो, आणि छपाईची रीतही तीच. मापाच्या मध्ये हवा असेल तर ती एक नोट निवडा. पियानोच्या डाव्या हातात ट्रेबल घालून परतीचा बेस घालायला विसरणे ही हमखास होणारी चूक. पुढचा क्लेफ येईपर्यंत घातलेला ट्रेबलच लागू राहतो.

नवी ओळ नव्या क्लेफने सुरू होत असेल तर आधीच्या ओळीच्या टोकाला सूचनेचा लहान क्लेफ दिसायला हवा. नसेल दिसत, तर तो क्लेफ निवडून प्रॉपर्टीजमध्ये त्याची खूण चालू करा. वादक पान उलटण्याआधी तोच पाहतो.

दुसऱ्या प्रोग्राममधली फाइल घेताना मिडी (फक्त वाजवण्याच्या सूचना साठवणारा फाइल-प्रकार) टाळा. मिडीत क्लेफची नोंदच नसते. स्वर किती उंच आहेत ते पाहून प्रोग्राम अंदाजाने क्लेफ घालतो. म्यूझिकएक्सएमएल या लिखित संगीताच्या फाइल-प्रकारात क्लेफ आणि टेनरचा ८ दोन्ही नोंदलेले असतात. फिनाले या संगीत लिहिण्याच्या दुसऱ्या प्रोग्रामचा पुढचा विकास ऑगस्ट २०२४ मध्ये थांबवल्याचे जाहीर झाले आहे. ज्यांच्याकडे त्यातल्या जुन्या फाइली आहेत, त्यांनी प्रोग्राम चालतो आहे तोवर त्या सगळ्या म्यूझिकएक्सएमएलमध्ये काढून ठेवाव्यात, आणि उघडून आधी टेनरची ओळ तपासावी.

आपला,
एक वाचक, मडगाव