गृहमंत्री साहेब, बापाची जमीन बाप जिवंत असतानाच ताईला मिळू द्या

मा. केंद्रीय गृहमंत्री साहेब यांस,
सप्रेम नमस्कार.

मी नाशिक जिल्ह्यातला, निफाड तालुक्यातला द्राक्ष बागायतदार. पत्र माझ्या ताईबद्दल आहे, तिला विचारूनच लिहितोय, ती म्हणाली लिही पण वाचणार कोण, म्हटलं बघू. ताई जर्मनीत स्टुटगार्टजवळ असते, गाड्यांच्या पार्ट्सच्या कंपनीत इंजिनिअर आहे. आमच्या नाशकात सातपूर-अंबडच्या कंपन्यांमुळे जर्मनी कुणाला लांबची वाटत नाही, कुठल्याही कॉलनीत विचारा, एखादं तरी पोरगं तिकडे गेलेलं निघतंच. तर ताई आता तिथल्या नागरिकत्वाचा अर्ज भरतेय.

जर्मनीने २७ जून २०२४ पासून कायदा बदललाय. आधी ८ वर्षं राहावं लागायचं ते ५ वर आणलं आणि मुख्य म्हणजे आधीचं नागरिकत्व सोडून या ही अटच काढून टाकली. म्हणजे ते म्हणतात ठेव बाई दोन्ही, आम्हाला काही अडचण नाही. अडचण आपल्याकडून आहे. १९५५ च्या नागरिकत्व कायद्याचं कलम ९ असं की दुसऱ्या देशाचं नागरिकत्व स्वतःहून घेतलं की भारताचं आपोआप संपलं, त्याला वेगळा अर्ज लागत नाही, तिकडचं सर्टिफिकेट हातात पडलं की त्या दिवसापासून ताई भारतीय नाही.

आता एक गोष्ट आधीच सांगून टाकतो म्हणजे गैरसमज नको. मी दुहेरी नागरिकत्व मागत नाहीये. २००३ च्या जानेवारीत पहिल्या प्रवासी भारतीय दिवसाला वाजपेयींनी त्याची घोषणा केली होती, त्याच वर्षी १६ देशांची यादी घालून कायद्यात दुरुस्तीही झाली, पुढे यादी गेली, बाकी देशांचीही सोय झाली आणि २००६ पासून लोकांच्या हातात ओसीआय (ओव्हरसीज सिटिझन ऑफ इंडिया) कार्ड पडलं, मतदान आणि सरकारी नोकरी वगळून. मला ते वगळणं पटतं. तिकडे राहून इथला आमदार कोण हे ठरवू नये, इथल्या रस्त्याचे खड्डे त्यांना लागत नाहीत. ताईलाही हे मान्य आहे, तिने मतदान तसंही कित्येक वर्षांत केलेलं नाही, कारण परदेशातल्या मतदाराने स्वतः बूथवर येऊनच बटण दाबायचं असा नियम आहे आणि निवडणुकीच्या तारखेला बरोबर तिची सुट्टी कधी जुळली नाही.

पण ती नागरिकत्व का घेतेय, ते ऐका. आईच्या दोन्ही गुडघ्यांचं ऑपरेशन झालं तेव्हा ताईला सात-आठ महिने इथे येऊन राहायचं होतं, ऑफिसनेही लॅपटॉपवरून काम करायला हो म्हटलं होतं, पण तिच्याकडे जी तिकडची पर्मनंट रेसिडेन्सी आहे ती साधारण ६ महिन्यांपेक्षा जास्त देशाबाहेर राहिलं की रद्द होते. म्हणून आई वॉकर घेऊन ओट्यापर्यंत यायला लागली नाही तोच ताईला विमानात बसावं लागलं. जर्मन पासपोर्ट हातात असला की ही भीती जाते, आणि ओसीआय कार्डावर भारतात किती दिवस राहायचं याला बंधन नाही. म्हणजे आईपाशी निवांत राहता यावं म्हणून माझ्या बहिणीला जर्मन व्हावं लागतंय. हे ऐकायला उलटं वाटेल पण हिशोब हाच आहे, आणि तिच्यासारखे तिथे भरपूर आहेत.

संसदेत दरवेळी आकडा येतो, २०२२ मध्ये २,२५,६२०, २०२३ मध्ये २,१६,२१९, २०२४ मध्ये २,०६,३७८ लोकांनी नागरिकत्व सोडलं. लगेच टीव्हीवर सुरू, देश सोडून पळाले म्हणून. काही पळालेही असतील, कर्जं बुडवून गेलेले आपल्याला नावानिशी माहिती आहेत. पण या आकड्यात माझी ताईही पुढच्या वर्षी मोजली जाणार आणि तिला त्याच रांगेत उभं केलेलं मला चालणार नाही.

परीक्षेचं सांगतो, कारण अण्णांना, म्हणजे आमच्या वडिलांना, त्यात फार मजा आली. बी वन लेव्हलचं जर्मन लागतं ते तिचं केव्हाच झालंय, पण नागरिकत्वाची एक वेगळी परीक्षा असते, ३३ प्रश्न, त्यातले १७ बरोबर आले की पास. प्रश्न आधीच छापून दिलेले, ३०० देशाचे आणि १० आपण राहतो त्या राज्याचे, त्यातूनच येतात. ताई संध्याकाळी व्हिडिओ कॉलवर एकेक प्रश्न मराठीत करून अण्णांना विचारायची आणि अण्णा ओट्यावर सुपारी कातरत उत्तर द्यायचे. चॅन्सेलरला कोण निवडतं याचं उत्तर त्यांनी फटकन दिलं, खासदार निवडत असतील, आपल्यासारखंच. बरोबर निघालं. मग म्हणाले, हे सोपंय गं, आपल्या सोसायटीचा चेअरमन कोण निवडतं हे विचार त्यांना, भल्याभल्यांना यायचं नाही. पास झाली ती.

आता मूळ मुद्दा, जमिनीचा.

आमची वडिलोपार्जित जमीन आहे त्यात ताईचा हक्क जन्मापासूनचा, महाराष्ट्राने तो १९९४ ला दिला आणि २००५ ला हिंदू वारसा कायद्यात सगळ्या देशाला मिळाला, त्याबद्दल वाद नाही. प्रश्न आहे तीन एकराचा, जो अण्णांनी सातपूरच्या कंपनीतून व्हीआरएस घेतली त्या पैशातून स्वतः घेतला. त्यात विहीर त्यांनी खोदली, पहिली थॉमसन द्राक्षांची बाग त्यांनी लावली. हा तीन एकर तुकडा त्यांना ताईच्या नावावर करायचाय, आत्ता, स्वतः सही करून. मी कसतोय आणि मीच कसत राहणार, पण सातबाऱ्यावर नाव तिचं लागावं ही त्यांची इच्छा, आणि माझीही संमती आहे, लेखी देतो.

वकिलांकडे गेलो. ते म्हणाले बक्षीसपत्र होणार नाही. फेमा म्हणजे परकीय चलनाच्या कायद्याखाली जे २०१९ चे नियम आहेत त्यात परदेशात राहणाऱ्या भारतीयाला किंवा ओसीआय कार्डवाल्याला नातेवाईक फ्लॅट बक्षीस देऊ शकतो, दुकान देऊ शकतो, पण शेतजमीन, फार्महाऊस, प्लांटेशन सोडून. विकत तर नाहीच नाही. मग मिळते कशी, तर वारसाने. वकील म्हणाले मृत्युपत्र करून ठेवा. अण्णांनी शांतपणे विचारलं, म्हणजे मी मेल्यावर चालेल तिला, मी असताना नाही? वकील बिचारे फाइल बघत बसले.

आजचा नियम ताई अजून भारतीय असली तरी लागू आहेच, कारण ती एनआरआय आहे. फरक असा की भारतीय पासपोर्ट असताना ती उद्या कायमची नाशकात राहायला आली तर हा अडसर उरत नाही. ओसीआय झाली की तुमच्या खात्याच्या ४ मार्च २०२१ च्या अधिसूचनेत शेतजमीन वगळलेली आहे ती वगळलेलीच, ती इथे परत येऊन राहिली, रोज बागेत डिपिंग करायला, म्हणजे द्राक्षाचे घड औषधात बुडवायला, उभी राहिली तरी. म्हणजे नागरिकत्वाच्या अर्जावर सही करताना ती नुसता पासपोर्ट सोडत नाहीये, अण्णांच्या हातून जमीन घ्यायचा रस्ताही बंद करतेय.

मृत्युपत्र केलं की झालं की, असं कुणी म्हणेल. ज्याने निफाड तालुक्यात भाऊबंदकी बघितलीय तो म्हणणार नाही. मृत्युपत्राला आव्हान देतात, वारसनोंदीवर हरकत घेतात, फेरफार अडकतो, तारखांवर तारखा पडतात आणि तिकडची माणसं प्रत्येक तारखेला येऊ शकत नाहीत म्हणून शेवटी कंटाळून हक्कसोड करून देतात. मी आज चांगला आहे पण उद्याची माझी तरी गॅरंटी काय, माझ्या पोरांची काय? अण्णांना हेच नकोय. त्यांच्या डोळ्यांदेखत, त्यांच्या सहीने झालेला व्यवहार कुणी सहसा मोडायला जात नाही.

नियम का केला ते मला कळतं. बाहेरच्या पैशाने इथल्या जमिनी घेऊन ठेवायला सुरुवात झाली तर आमच्यासारखा शेतकरी टिकणार नाही. समृद्धी झाला, आता सिंहस्थ जवळ आला तसे नाशिकभोवतीचे भाव कुठे चाललेत बघा, त्यात युरो-डॉलर आणखी नकोच. खरेदीवरची बंदी राहू द्या, माझा पाठिंबा आहे. पण आईबापाने पोटच्या पोराला फुकट दिलेल्या जमिनीत कुठला बाहेरचा पैसा आला? तीच जमीन वारसाने चालते, म्हणजे ओसीआयच्या नावावर शेती असण्याला तुमची हरकत नाही, हरकत फक्त बापाने स्वतः देण्याला. एवढाच बदल करा की आईवडिलांनी मुलामुलींना दिलेलं शेतजमिनीचं बक्षीसपत्र चालेल. गैरवापराची भीती असेल तर पुढे अमुक वर्षं विकायची नाही अशी अट घाला, आम्हाला मान्य आहे.

दुसरं एक छोटं आहे. तिकडचं नागरिकत्व मिळालं की भारतीय पासपोर्ट कॉन्सुलेटला सरेंडर करायचा, त्याचं सर्टिफिकेट घ्यायचं, मग ओसीआयचा वेगळा अर्ज, मग वाट बघा. (पासपोर्ट छापतात आमच्या नाशिकरोडच्या प्रेसमध्ये आणि त्यावर कॅन्सलचा शिक्का बसणार म्युनिकला, असो.) या मधल्या काळात ती भारतीयही नाही आणि ओसीआयही नाही, यायचं तर व्हिसा. आमच्या घरी दोन म्हातारी माणसं आहेत, तेवढ्यात काही झालं तर ती व्हिसाच्या खिडकीत उभी राहणार का? सरेंडर आणि ओसीआय एकाच अर्जात करून टाका, कागदपत्रं बरीचशी तीच लागतात.

आता मला कल्पना आहे की ओसीआय तुमच्याकडे, पासपोर्ट परराष्ट्र खात्याकडे, फेमा अर्थखात्याकडे आणि सातबारा आमच्या राज्याच्या महसूल खात्याकडे. त्यामुळे उत्तर आलंच तर "सदर विषय या मंत्रालयाशी संबंधित नाही" असं येण्याची शक्यता जास्त. आलं तर मी हेच पत्र अर्थमंत्र्यांनाही पाठवीन. पण साहेब, कॅबिनेटला तुम्ही एकाच टेबलावर बसता, आम्हाला मात्र चार दारं फिरावी लागतात, म्हणून आधी तुम्हाला लिहिलं. तुमचा एक अनुकूल शेरा मारून पुढे पाठवलंत तरी खूप झालं. बक्षीसपत्राचा मसुदा वकिलांकडे तयार आहे, स्टॅम्प ड्युटीचे पैसे अण्णांनी बाजूला काढून ठेवलेत.

कळावे,
निफाड तालुक्यातला एक द्राक्ष बागायतदार