‘थांबा, ते बोलत आहेत’

आदरणीय भाऊसाहेब,

सप्रेम नमस्कार.

आमच्या तालुक्यातून तुमची बदली झाल्याचे मला फार उशिरा कळले. दादाला घेऊन, पेढ्यांचा पुडा घेऊन आम्ही तहसील कार्यालयात आलो, तेव्हा तुमच्या टेबलाशी दुसरेच कोणी बसले होते आणि तुम्ही कुठे गेलात हे सांगण्याइतकी फुरसत तिथे कोणालाच नव्हती. म्हणून हे पत्र असे उघड्यावर लिहीत आहे. नाव घालत नाही. संजय गांधी निराधार शाखेतली ती सकाळ तुम्हाला आठवत असेल, तर पत्र कोणाला आहे हे वेगळे सांगायला नको.

दादा ३६ वर्षांचा आहे. त्याला जन्मापासून सेरेब्रल पाल्सी आहे. तो रोज वर्तमानपत्र शेवटच्या पानापासून पहिल्या पानापर्यंत वाचतो आणि रणजीचे धावफलक तोंडपाठ ठेवतो. पण एक वाक्य पुरे करायला त्याला मिनिटभर लागते आणि हात त्याचे ऐकत नाहीत. वडील गेल्यानंतर आम्ही त्याच्यासाठी संजय गांधी निराधार योजनेच्या मासिक अनुदानाचा अर्ज केला आणि तो मंजूर होईपर्यंत अडीच वर्षे गेली.

त्या अडीच वर्षांची कथा तुम्हाला नवी नाही, म्हणून थोडक्यात सांगते. त्याचे जुने, हाताने लिहिलेले अपंगत्वाचे प्रमाणपत्र चालेना. ऑनलाइन यूडीआयडी, म्हणजे रुग्णालयात तपासणी होऊन मिळणारे दिव्यांगांचे ओळखपत्र, हवे होते. ते मिळेपर्यंत उत्पन्नाच्या दाखल्याची मुदत संपली. नवा दाखला काढला, तोवर अर्ज मंजूर करणाऱ्या समितीची बैठक होऊन गेली होती आणि पुढची बैठक आचारसंहितेत अडकली. दिव्यांगांसाठी वार्षिक उत्पन्नाची अट ५० हजारांची आहे, म्हणजे हा अर्ज करणाऱ्याच्या घरात प्रत्येक खेपेच्या रिक्षाभाड्याचाही हिशेब करावा लागतो, हे त्या खिडकीमागच्या कोणाच्या गावी नव्हते. प्रत्येक खेपेला एकच त्रुटी सांगितली जाई. ती पुरी करून आलो की दुसरी निघे. पाचही त्रुटी पहिल्याच दिवशी दिसत असणार, पण त्या एकदम सांगण्याचे काम कोणाच्याही कामात मोडत नव्हते. अपंगत्वाचे प्रमाणपत्र महिनाभरात द्यावे, असे २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्याखालच्या नियमांत होते. २०२४ च्या दुरुस्तीने त्या महिन्याचे तीन महिने झाले. उशीर होतो म्हणून मुदतच वाढवायची, हा उपाय ज्याला सुचला त्याने रुग्णालयाच्या त्या बाकावर एक सकाळ काढून पाहावी, एवढेच म्हणते.

पण खरे सांगायचे तर, उशिरापेक्षा एक सर्वनाम मला जास्त टोचत राहिले. ‘याला कळतं का?’ ‘हा चालतो का?’ ‘याला कशाला उचलून आणलंत?’ आणि नाही आणले, तर ‘तो हयात आहे कशावरून?’ वयाने दादापेक्षा दहा-दहा वर्षांनी लहान असलेली मुलेही माझ्याकडे पाहून त्याच्याविषयी असे विचारत, आणि मीही मुकाट्याने उत्तरे देत राहिले, हे मान्य करते.

तुम्ही त्या दिवशी खुर्चीवरून उठून आमच्याकडे आलात, कारण व्हीलचेअर तुमच्या टेबलापर्यंत येत नव्हती. दादासमोर वाकून तुम्ही त्यालाच विचारलेत, ‘नाव काय आपलं?’ सवयीने मी तोंड उघडले. तुम्ही माझ्याकडे पाहिले नाही. दादाची मान वळली, जबडा ताठ झाला, पहिले अक्षर घशात अडकले. मागे रांगेतले एक गृहस्थ कुरकुरले, ‘ताई, तुम्हीच सांगा ना पटकन.’ तेव्हा तुम्ही हात वर करून म्हणालात, ‘थांबा, ते बोलत आहेत.’

ते. छत्तीस वर्षांत सरकारी कचेरीत दादाला कोणी ‘ते’ म्हटल्याचे मी ऐकले नव्हते. ज्या कार्यालयाने आम्हाला अडीच वर्षे ताटकळत ठेवले, तिथलाच एक माणूस त्याच्या नावाच्या तीन अक्षरांसाठी हातातले काम बाजूला ठेवून उभा राहिला, आणि नाव पुरे झाल्यावर ‘वा’ किंवा ‘शाब्बास’ असले काही न म्हणता ते फक्त लिहून घेता झाला. ते ‘शाब्बास’ न म्हणणेही मला फार मोलाचे वाटले.

पुढचे सारे भराभर झाले. एका कागदावर उरलेल्या त्रुटी ओळीने लिहून खाली ‘एवढेच’ असे लिहून दिलेत, आणि खरोखर एवढेच निघाले. अंगठ्यासाठी आजवर आम्ही त्याची मूठ उघडून शाईच्या पॅडवर दाबत असू. तुम्ही सही येते का विचारलेत, खिशातले पेन दिलेत आणि कागद हलू नये म्हणून दोन्ही हातांनी धरून ठेवलात. पुढच्याच बैठकीत अर्ज मंजूर झाला. दिव्यांगांचे अनुदान आता १,५०० वरून २,५०० रुपये झाले आहे, आणि बँकेचा संदेश आला की दादा तो आईला स्वतः वाचून दाखवतो. त्यालाही वेळ लागतो. आई थांबते.

लोक अशा वेळी ‘देवमाणूस’ म्हणतात. मी तुम्हाला तसे म्हणणार नाही, कारण देवमाणूस म्हटले की बाकीच्यांना सूट मिळते. सगळ्या त्रुटी एका कागदावर लिहून द्यायला शासन निर्णय लागत नाही. समितीच्या बैठकीची तारीख दारावर लावायला निधी लागत नाही. माणसाला त्याचेच नाव विचारायला तर काहीच लागत नाही. तुमच्या जागी आता जे बसतात, त्यांनी परवा आमच्या शेजारच्या आजींना पुन्हा एकच त्रुटी सांगून परत पाठवले. तुमचा तो कागद मी आजींकडे दिला आहे, त्या नव्या साहेबांना दाखवायला.

हे पत्र दादाला वाचून दाखवले. त्याला दोन गोष्टी कळवायच्या आहेत. रांगेतल्या त्या गृहस्थांनी नंतर त्याची माफी मागितली होती, ते मी लिहायला विसरले. आणि तुमचे निळे पेन त्याच्याकडेच राहिले आहे. ते तो परत करणार नाही.

आपली नम्र,
त्यांची धाकटी बहीण