साक्षीदारास पत्र

वरळी,
२३ नोव्हेंबर २०२५

प्रिय बंड्या,

गणपतीला येतो म्हणालास आणि आला नाहीस. दिवाळीला मी फोन केला नाही. फिटंफाट. तू रुसलायस की कणकवलीला रेंज नव्हती हे मी विचारणार नाही, कारण विचारलं की तू सांगणार, मग मी चिडणार आणि मुद्द्याचं राहूनच जाणार. माझी शुगर आहे तिथे आहे, हिचे गुडघेही. झालं प्रकृतीचं.

गेल्या रविवारी ताई आली होती, आपली बीडीडी चाळ पाडून सरकारने बांधलेल्या टॉवरमधलं नवं घर बघायला. वास्तुशांतीच्या वेळी तिच्या सासूचं आजारपण निघालं होतं, त्यामुळे हे तिचं पहिलंच येणं. सत्ताविसाव्या मजल्यावर लिफ्टमधून उतरली ती भिंत धरूनच. मग हॉलमध्ये जरा सावरली आणि पावलांनी मोजायला लागली. "ही आपली चाळीतली खोली," म्हणाली. "इथे मोरी, इथे बाबांची खाट, आणि इथून पुढे सगळं शेजाऱ्यांचं." आम्ही सगळे हसलो. जेवणं झाली. निघताना चपला घालता घालता म्हणाली, "अरे, मी सही केलेला तो कागद, त्याची झेरॉक्स असेल ना तुझ्याकडे? जमलं तर पाठव."

एवढंच. तिने कारण सांगितलं नाही, मी विचारलं नाही. हिने ऐकलं आणि तेव्हापासून घरात दुसरा विषय नाही.

तो कागद तुला आठवत नसेल तर आठव, कारण त्यावर साक्षीदार क्रमांक एक तू आहेस. बाबांचं वर्षश्राद्ध होऊन गेलं होतं आणि चाळीतल्या खोलीची भाडेपावती माझ्या नावावर करायला दादा-ताईची हरकत नाही असं लिहून घ्यायचं होतं. तू दुसऱ्या दिवशीच्या एसटीने जाणार होतास, म्हणून घाई. कोर्टाबाहेरच्या टायपिस्टकडून स्टॅम्पपेपर करून आणला. दादाने विरारहून येऊन सही ठोकली आणि "तूच सांभाळ ते खुराडं" म्हणून निघूनही गेला. ताई पॅसेजमध्ये उभी, आत कुकर लावलेला. कागद हातात घेऊन लांब धरला, जवळ धरला. तू म्हणालास, "ताई, एका भाडेपावतीसाठी केवढं वाचतेस?" ती म्हणाली, "वाचतेय कुठे, चष्मा घरी राहिलाय." आणि सही केली. त्यावर सगळ्यात मोठ्याने तूच हसला होतास. तुझं ते बोकडासारखं हसणं चौथ्या खोलीतल्या माईंनी ऐकलं आणि बाहेर येऊन विचारलं, "लॉटरी लागली का रे?"

लागली होती म्हण ना. आता कळतंय.

पण तेव्हा ते काय होतं, तूच सांग. १६० चौरस फूट. पावसाळ्यात माळ्यावरची गादी भिजायची. मजल्यावर वीस खोल्या, कोपऱ्यात संडास, आणि सकाळी बादली घेऊन रांग. भाडं इतकं फुटकळ की भरायला जाण्यायेण्याचा खर्च जास्त. त्या खोलीवर हक्क सांगायचा म्हणजे काय, तर त्या रांगेत उभं राहायचा हक्क. ताईने सोडलं ते हे. आणि आज त्याच पावतीच्या बदल्यात ५०० चौरस फुटांचा फ्लॅट, दोन बेडरूम, तोही मालकीचा. १४ ऑगस्टला माटुंग्याच्या नाट्यगृहात पहिल्या ५५६ घरांच्या चाव्या दिल्या त्यात आमची होती. मी टाळ्या वाजवत होतो तेव्हा माझ्या डोक्यात ताई नव्हती. सही तिने पावतीसाठी केली की फ्लॅटसाठी, हा प्रश्नच तेव्हा कुणाला पडला नव्हता.

दोन वकिलांना विचारून झालं. पहिला म्हणाला, भाडेकरू म्हणून पात्र तुम्ही, वाटप तुमच्या नावे, बहिणीचा संबंध येतोच कुठे. दुसरा म्हणाला, भाडेकरूपण नावावर करायला हरकत नाही असं लिहिणं वेगळं आणि हक्कसोडपत्र वेगळं. कुणी कोर्टात गेलंच तर बरीच वर्षं चालेल. फी दोघांनी सारखीच घेतली. वडिलांची स्वतःची मालमत्ता असती आणि मृत्युपत्र नसतं, तर आई आणि आम्ही तिघं सारखे वाटेकरी, हे मलाही माहीत आहे. पण बाबांची मालमत्ता होती कुठे? ते सरकारचे भाडेकरू होते.

आणि भाडेकरू म्हणजे तरी काय होतो आपण, बंड्या! "आम्हाला कोण काढतोय" म्हणून आयुष्यभर मिरवलो. दुसऱ्या वकिलानेच समजावलं. समोरच्या गल्लीतल्या पागडीवाल्यांना, म्हणजे खासगी मालकाला एकरकमी पागडी देऊन भाड्याने राहणाऱ्यांना, १९९९चा भाडे नियंत्रण कायदा आहे. भाडेकरू गेला की त्याच्याबरोबर राहणाऱ्या घरच्या माणसाकडे भाडेकरूपण जातं, हे त्यात लिहिलेलं आहे. सरकारी जागा मात्र त्या कायद्यातून वगळलेल्या. आपल्यासाठी होता १९५५चा कायदा, सरकारी जागेतून माणसं बाहेर काढण्याचा. भाडं थकवलं, न विचारता पोटभाडेकरू ठेवला, खोलीची नासधूस केली, की काढा. मी ते ऐकत होतो आणि मला आपल्या खोलीत झोपणारे गाववाले आठवत होते. रात्रपाळीवाला सकाळी आला की दिवसपाळीवाला उठून त्याला गादी द्यायचा. तुझी आई खाणावळ चालवायची, दोन वेळचे डबे आणि शिवाय दोघं माळ्यावर. ते पोटभाडेकरू की पाहुणे? कायद्याने बघितलं तर वरळीतल्या १२१ चाळींतली निम्मी माणसं बाहेर काढण्यालायक होती. बाबा म्हणायचे ते खरं. कायदेभंगाच्या चळवळीत इंग्रजांनी याच चाळींत सत्याग्रही कोंडले होते, आपण त्यांच्या कोठडीत हौसेने राहतोय.

तुझ्या खोलीचं काढत नाही. बरं, काढतो. गिरणी संपानंतर तुझ्या बाबांनी खोली दुसऱ्याला विकली तेव्हा कागदावर साक्षीदार माझे बाबा होते, आणि त्यांनी त्यात चहापाणी घेतलं असं तू मला जांबोरी मैदानावर चार पोरांसमोर म्हणाला होतास. मी तुझी कॉलर धरली होती. आज सांगतो, घेतलं असेल तर मला माहीत नाही. पण त्या दिवसानंतर बाबांनी तुमच्या दारावरून जाणं सोडलं, लांबच्या जिन्याने उतरायचे. सरकारी खोली विकता येत नाही हे दोघांनाही ठाऊक होतं. पुढे अशी हस्तांतरणं पैसे भरून नियमित करून घ्यायचा रस्ता निघाला, आणि तुझ्या खोलीवाला आज माझ्याच विंगमध्ये बाराव्या मजल्यावर आहे. माणूस चांगला आहे रे. लिफ्टमध्ये भेटला की तुझ्या आईच्या हातच्या बांगड्याच्या तिखल्याची चौकशी करतो. मला तुझी आठवण येते आणि त्याला नमस्कार करावा की नाही ते कळत नाही. करतो.

मूळ गोष्टीवर येतो. हिचं म्हणणं तुला माहीतच असणार. आईचं शेवटचं आजारपण हिने काढलं, त्या पॅसेजमधून संडासापर्यंत उचलून नेण्यापासून. भाडं मी भरलं, पात्रतेसाठी रेशनकार्ड, मतदार यादी, जुन्या पावत्यांची पिशवी घेऊन हेलपाटे मी घातले, टॉवर होईपर्यंत ट्रान्झिटच्या तात्पुरत्या घरात दिवस आम्ही काढले. "जबाबदारी घ्यायला कुणी आलं होतं का?" हा तिचा प्रश्न, आणि त्याला माझ्याकडे उत्तर नाही. दादाचं गणित सोपं आहे: विका, तीन भाग करा. "घरं विकू नका" म्हणून नेते भाषणात कळकळीने सांगत होते तेव्हा दादा टीव्हीसमोर बसून भाव काढत होता. पोरगा म्हणतो, आत्याला दुसरी बेडरूम देऊया, वाटेल तेव्हा येऊन राहील. मग स्वतः कुठे झोपणार विचारलं तर म्हणाला, "हॉलमध्ये. तुम्ही सगळे झोपायचातच ना." त्याचं लग्न ठरू दे, मग बघू काय म्हणतो ते.

मला दादाची काळजी नाही. तो मागतो, त्याला नाही म्हणता येतं. ताईने मागितलेलं नाही. ती मागत नाही हे मला लहानपणापासून ठाऊक आहे, तुलाही. तुझ्या मनगटावर राखी बांधून ओवाळणी म्हणून तिने कधी काय मागितलं? एकदा रिबिनी, आणि त्याही तू उधारीवर आणल्यास. तिचा आमच्या घरावर हक्क आहे असं मला वाटतं का? वाटतं. कायद्याने असो नसो. खोली भाड्याची होती तोवर ती तिचं माहेर होती. नाव पावतीवर कुणाचंही असो, ती बाळंतपणाला आली, भांडून आली, नवऱ्याची मिल बंद पडली तेव्हा पोरं घेऊन वर्षभर राहिली, आणि कुणी तिला पाहुणी म्हटलं नाही. आता घर माझं झालं आणि पहिल्यांदाच ती दारातून चप्पल घालून संध्याकाळी परत गेली. राहा म्हटलं होतं मी. हीसुद्धा म्हणाली. पण ताईच म्हणाली, "तुमचं घर नवीन आहे, राहू दे."

पैसे द्यावेत तर आहेत कुठे? फ्लॅट कोटीचा असेल, खिसा मात्र जुनाच आहे. कागदावर तिचंही नाव घालावं असं माझ्या मनात येतं. हिला अजून सांगितलेलं नाही, आणि तूही सांगू नकोस.

बाकी टॉवर म्हणजे आपली चाळच उभी केलेली. हक्क सगळ्यांना तोंडपाठ. देखभाल १२ वर्षं फुकट आहे, त्यामुळे मेंटेनन्सचा विषय निघाला की सगळे म्हणतात, तेराव्या वर्षी बघू. लॉबीत चपलांची कपाटं आलीत. आग लागली तर थांबायला म्हणून मोकळा ठेवलेला मजला आहे, तिथे परवा सत्यनारायण झाला, होमासकट. मी बोललो तर मलाच प्रसाद जास्त दिला. दार मात्र कुणाचं उघडं नसतं. शेजारी कोण राहतं ते त्यांच्या कुरियरवरून कळलं.

तुझं काय? आंब्याला मोहोर आला का, पंपाचं कनेक्शन झालं का, वहिनींची शाळा बदलली ती जवळची मिळाली का, सगळं लिही. धाकटीने बीएस्सीला कुठला विषय घेतला ते मी दोनदा विसरलो, तिला सांगू नकोस.

आणि मुख्य म्हणजे हे लिही: त्या दिवशी सही झाल्यावर मी ताईला काही म्हणालो होतो का? मला अंधूक आठवतंय, मी म्हणालो, "नाव माझं, घर आपलं." की हे मी आता स्वतःला बरं वाटावं म्हणून रचतोय? तू शेजारी उभा होतास. तुझी स्मरणशक्ती माझ्यापेक्षा चांगली आहे, विशेषतः मी अडचणीत येणार असेन तेव्हा. जे ऐकलं असशील ते जसंच्या तसं लिही. मला जड जाईल म्हणून गोड करू नकोस. आणि त्याआधी ताईला फोन करू नकोस. तुझ्या तोंडात तीळ भिजत नाही.

थोरल्याचा मुंबईत इंटरव्ह्यू आहे असं तुझा मेव्हणा म्हणत होता. त्याला लॉजवर उतरवू नकोस, इथेच पाठव. खालच्या गेटवर नाव आणि मजला विचारतात. रात्री उशिरा गाडी पोचत असेल तर आधी कळव, म्हणजे मी खाली येऊन थांबेन. आणि कोकम पाठवणार असशील तर आगळ पाठव, सोलं नको, मागच्या वेळी त्यांना बुरशी आली होती.

तुझा,
दिल्या