जिवाणूंनाही जेवण लागते

मा. संपादक,
स. न. वि. वि.

कारखान्यांच्या धुरातले घातक वायू जिवाणूंकरवी काढून टाकण्याविषयीचा, कालच्या पुरवणीतील ‘धूर खाणारे जिवाणू’ हा लेख दोनदा वाचला. पहिल्यांदा कौतुकाने, दुसऱ्यांदा हा धूर नेमका कोण आणि कुठे खातो ते शोधण्यासाठी. सापडले नाही. जिवाणू धुराड्यातच ठाण मांडून बसतात, असा वाचकांचा समज व्हावा अशी लेखाची मांडणी आहे. बॉयलरमागून बाहेर पडणारा वायू सव्वाशे-दीडशे अंश सेल्सिअसचा असतो आणि या कामाचे बहुतेक जिवाणू तीस-चाळीस अंशांत रमतात. म्हणून आधी वायू थंड करून अल्कधर्मी पाण्याने धुवायचा, त्यातला सल्फर डायऑक्साइड पाण्यात उतरवायचा आणि मग ते पाणी टाकीत जिवाणूंपुढे ठेवायचे, असा क्रम असतो. धुरातला दुसरा घातक वायू, नायट्रिक ऑक्साइड, तर पाण्यात जवळजवळ विरघळतच नाही. त्याला धरून ठेवायला लोहाचे संयुग घालावे लागते. लेखकांनी हे सारे ‘नैसर्गिक प्रक्रियेद्वारे’ एवढ्यात उरकले आहे.

अशा एका प्रायोगिक संयंत्रावर मी काही वर्षे पाळ्या केल्या आहेत, म्हणून हा त्रागा. आमच्याकडे दोन टाक्या होत्या. पहिलीत प्राणवायूशिवाय जगणारे जिवाणू, पाण्यात उतरलेल्या सल्फर डायऑक्साइडपासून बनलेल्या सल्फेटचे सल्फाइड करत. दुसरीत मोजून हवा सोडली की दुसऱ्या जातीचे जिवाणू त्यातून गंधक वेगळे करत आणि तळाशी दुधाळ पिवळट गाळ बसे. नव्याने रुजू झालेल्या साहेबांना पहिल्या टाकीचा सडक्या अंड्यांचा वास सोसेना, तेव्हा त्यांनी तिच्यातही रात्रभर हवा सोडण्याचा हुकूम दिला. मी लॉगबुकात आक्षेप नोंदवला, त्यावर ‘हवेवाचून कोण जगते?’ हे ऐकून घेतले. बुडबुड्यांबरोबर तोच वास आवारभर पसरला, सकाळपर्यंत टाकीचे काम थंडावले आणि घडी पुन्हा बसायला सहा आठवडे गेले. अहवालात मात्र ठपका आला तो जिवाणूंवर: ‘बेभरवशाचे तंत्रज्ञान’!

लेखातले ‘खर्च जवळपास शून्य’ हे वाक्य वाचून तर हसू आले. पहिल्या टाकीतल्या मंडळींना जेवण म्हणून रोज अल्कोहोल किंवा हायड्रोजन पुरवावा लागतो (अल्कोहोलच्या पिंपांची आवक-जावक मीच लिहीत असे), शिवाय पंप अहोरात्र चालू ठेवायचे ते वेगळेच. धूर चुनखडीच्या पाण्याने धुण्याच्या नेहमीच्या पद्धतीत जिप्समचे ढीग साचतात आणि थोडा कार्बन डायऑक्साइडही नव्याने सुटतो, हे मान्य. त्यामुळे जिवाणूंना माझा विरोध नाही, त्यांना फुकटे ठरवण्याला आहे.

जाता जाता, लेखासोबत ‘विषारी धूर ओकणारे धुराडे’ म्हणून छापलेले चित्र कूलिंग टॉवरचे, म्हणजे गरम पाणी थंड करणाऱ्या मनोऱ्याचे आहे. त्यातून दिसते ती पाण्याची वाफ असून ती खाण्यासाठी जिवाणूंना तसदी देण्याचे कारण नाही. निदान चित्राखालची ओळ उद्याच्या अंकात दुरुस्त करावी, ही विनंती.

आपला,
एक निवृत्त पाळीप्रमुख